पानं भिजवायची टाकी

खोकं येऊन आठ दिवस झाले होते आणि आठही दिवस ते बोळात भिंतीकडे तोंड करून उभं होतं. उघड्या राहिलेल्या बाजूंवर टेलेसियाने चर्चची जुनी कॅलेंडरं चिकटवली होती. दर्शनी बाजूच्या चित्रात एक बाई छातीपर्यंत पाण्यात बसलेली होती, तिचं पोट भोपळ्याएवढं होतं आणि ती हसत होती. आणि सही करून हे खोकं कुरियरवाल्याकडून घेतलं होतं ते नेमकं किटिओनेने.

'आई, हे काय आहे?' त्याने विचारलं होतं.

टेलेसिया तेव्हा तारोचे कंद सोलत होती. तिची सुरी थांबली. खरं उत्तर दोन शब्दांचं होतं, पण लेकीच्या बाळंतपणातले दोन शब्द लेकीच्या सख्ख्या भावासमोर कुठली टोंगन आई उच्चारील? भावाने बहिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, बहिणीने भावाच्या बिछान्याजवळ फिरकायचं नाही, आणि अंगाचं, पोटाचं काहीही एकमेकांच्या कानावर पडू द्यायचं नाही. लविनियाचं पोट गेले दोन महिने आधी दारातून आत येई आणि मागून लविनिया. किटिओनेच्या लेखी ते पोट नव्हतंच. ती समोरून आली की तो छताकडे बघे, आणि बोळातल्या छताला ओल कुठे कुठे आली आहे हे घरात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

'पानं भिजवायची टाकी आहे,' टेलेसिया म्हणाली. 'आमच्या बायकांच्या मंडळाची.'

खोटं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. चटया विणायच्या तर केवड्याची पानं आधी पाण्यात मुरवावी लागतातच. किटिओनेने मान हलवली, 'बरीच मोठी आहे' म्हणाला आणि खोकं उचलून बोळात नेऊन ठेवलं. उचलताना त्याने चित्राची बाजू स्वतःच्या छातीशी धरली होती. टेलेसियाला त्या वेळी फक्त सुटल्यासारखं वाटलं.

आता शनिवार उजाडला होता, ऑगस्टातला, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातला, गारठ्याचा, आणि टाकी अजून खोक्यातच होती.

सुईण ब्रॉन्विन मंगळवारी येऊन गेली होती. बैठकीच्या खोलीत ती चहा पीत बसली असताना किटिओने बोळातून चालत गेला. किटिओनेचं वजन एकशे तीस किलो. ब्रॉन्विनच्या कपातला चहा बशीत आला. तिने कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं की भरलेली टाकी पाऊण टनाची होते, म्हणजे असे सहा भाऊ एका जागी उभे केल्यासारखं, आणि या लाकडी जमिनीवर ती हे धाडस करणार नाही. टाकीला दोन मीटर जागा हवी, भोवती तिला फिरता आलं पाहिजे, नळ जवळ हवा आणि खालची जमीन पक्की हवी. शनिवारी तीनला येईन, ती म्हणाली. टाकी उभी असली तर कागदावर 'घरी' लिहीन. नसली तर हॉस्पिटल.

हॉस्पिटलचं नाव काढताच लविनियाचा चेहरा उतरला होता. हॉस्पिटलचा त्यात काही दोष नव्हता. दोष असलाच तर लविनियाच्या घाईचा. तीन वर्षांपूर्वी मेलेआने झाली ती हॉस्पिटलच्या वाटेवर, गाडीत, लाल सिग्नलला. जावई माका गाडी चालवत होता आणि मागे वळून बघायची त्याची छाती होत नव्हती. टेलेसिया त्या वेळी विमानतळावर संडास धूत होती आणि तिचा फोन लॉकरमध्ये होता. आपण आजी झाल्याचं तिला पाच तासांनी कळलं. लविनियाने त्यावरून तिला कधी बोल लावला नाही. या खेपेला मात्र चौथ्या महिन्यातच तिने सांगितलं होतं, 'मला घरी हवंय, पाण्यात. आणि तू जवळ हवीस.'

टेलेसियाला जागेची काळजी होतीच, पण रजेची त्याहून मोठी होती. रजा मागायची तर कारण द्यायला हवं. तिचा सुपरवायझर सेमिसी हा किटिओनेच्या कावा पिणाऱ्या टोळक्यातला. दर शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी गॅरेजात कावाच्या, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाच्या, लाकडी वाडग्याभोवती बसत, आणि सेमिसीच्या कानात गेलेली गोष्ट त्या वाडग्यात पडल्याशिवाय राहत नसे. म्हणून तिने अजून रजा मागितलीच नव्हती. आज मागू, उद्या मागू करता करता आठवा महिना सरला.

सकाळी मायलेकींनी जमिनीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून, कपडे वाळत घालायची दोरी घेऊन घर पुन्हा एकदा मोजलं. स्वयंपाकघरात टाकी मावत होती, पण मग फ्रीज आणि टेलेसिया दोघांनाही अंगणात राहावं लागलं असतं. लविनियाच्या खोलीत पलंग उभा केला तर जमत होतं.

'आणि माका?' टेलेसियाने विचारलं.

'तो उभ्या उभ्या झोपतो की चर्चमध्ये दर रविवारी,' लविनिया म्हणाली. 'सवय आहे त्याला.'

दोघी हसल्या, पण लविनियाने दोरी गुंडाळली ती जरा जास्तच सावकाश. बैठकीच्या खोलीचं दार त्यांनी नुसतं किलकिलं करून पाहिलं. आत फुसी आत्या होती, आणि आत्याच्या चटयांच्या आणि सालीच्या कापडाच्या सोळा वळकट्या. सप्टेंबरात नात्यात असलेल्या लग्नाच्या आहेरासाठी तिने त्या मायदेशातल्या व्हावाऊ बेटावरून आणल्या होत्या, आणि महिनाभर ती खोली घरच्यांच्या वाट्याला नुसती भेट देण्यापुरती उरली होती.

राहता राहिलं गॅरेज. सिमेंटची जमीन, भिंतीला लागून धुण्याची खोली, तिथेच नळ. सगळं सुईणीने सांगितल्याबरहुकूम, आणि तिथे चार वर्षं किटिओने राहत होता. त्याला बाहेर काढायचं तर का, हे सांगायला हवं. आणि लविनियाने चार वर्षांत त्या गॅरेजाच्या उंबऱ्यावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

टेलेसियाचा नवरा, घरातला कर्ता पुरुष फेलेती याने हा विषय निघाल्यापासून चर्चच्या आवारातलं गवत कापायला घेतलं होतं. गेल्या पंधरवड्यात त्या गवताला वाढायची संधीच मिळाली नव्हती. आजही तो सकाळीच यंत्र घेऊन पसार झाला. तेव्हा टेलेसियाने चहा केला आणि पदर नसताना पदर खोचल्यासारखं करून ती नणंदेकडे गेली.

'वन्सं, चहा आणलाय.'

'साखर किती?' फुसी आत्याने टीव्हीवरून नजर न काढता विचारलं.

'तीन चमचे.'

'तीन म्हणजे काहीतरी मागणं आहे. नुसता चहा तू दोनचा करतेस.' तिने टीव्हीचा आवाज बंद केला. 'बोल.'

नवऱ्याची थोरली बहीण म्हणजे टोंगन घरातलं शेवटचं न्यायालय. तिने नाही म्हटलं की पुढे अपील नाही, आणि भावजय तर त्या न्यायालयात पायरीवरच बसणार. टेलेसियाने चाचरत सगळं सांगितलं. आत्या ऐकत गेली आणि तिच्या भुवया चढत गेल्या.

'पाण्यात?' ती म्हणाली. 'पोर काय मासा आहे? मी सात काढली, चटईवर. सातही कोरडीच आली.'

'हो, वन्सं.'

'आणि पाणी गरम? मीठही घालता का त्यात?'

'नाही, वन्सं.'

आत्याने चहाचा घोट घेतला. तिला गंमत वाटत होती हे दिसत होतं आणि ती इतक्यात आवरती घेण्याचा तिचा विचार नव्हता. आजकालच्या मुलींना बाळंत व्हायला तलाव लागतो, उद्या शिंकायला डोंगर लागेल, असं बरंच काही ती बोलली. टेलेसिया हूं की चूं न करता ऐकत राहिली. मग आत्याने कप खाली ठेवला.

'पण पोरीला घरीच का हवंय?'

टेलेसियाने लाल सिग्नल सांगितला, लॉकरमधला फोन सांगितला.

'मी तिथे नव्हते, वन्सं. माझी पोर गाडीत ओरडत होती आणि मी संडास धूत होते. आज जागा झाली नाही तर पुन्हा गाडी, पुन्हा तेच, आणि मी पुन्हा कुठेतरी फरशी पुसत असेन.'

आत्याने वळून आपल्या वळकट्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, 'माझ्या वळकट्या हलणार नाहीत.'

'नाही, वन्सं.'

'म्हणजे गॅरेज. किटिओनेला काय सांगितलंयस तू?'

'पानं भिजवायची टाकी म्हणून.'

फुसी आत्या अशी हसली की तिच्या पाठीशी रचलेली वरची वळकटी घरंगळून खाली आली. 'तू आई आहेस,' ती डोळे पुसत म्हणाली, 'तुला कारण द्यावं लागतं, म्हणून खोटं बोलावं लागलं. आत्याला कारण द्यावं लागत नाही. बोलाव त्याला.'

किटिओने आला आणि दारातच मांडी घालून बसला, आत्याच्या खुर्चीहून खाली, डोकं झुकवून. आत्याने सांगितलं की तिला गॅरेज हवं आहे, आजच हवं आहे, आणि ती सांगेपर्यंत हवं आहे.

'हो, आत्या.'

'का, ते विचारू नकोस.'

'नाही विचारत, आत्या.'

तो उठला. बोळात पोचल्यावर त्याने खोक्याला हात लावला आणि आईला हळूच विचारलं, 'मग ही पानांची टाकी गॅरेजातच लावून टाकू? तिथे जागा होईल.'

टेलेसियाला एवढं सोपं होईल असं वाटलंच नव्हतं. 'लाव की,' ती म्हणाली, आणि देवाने आपली एक थाप तरी माफ केली अशा समाधानात ती रस्सा टाकायला गेली.

गॅरेजाकडून दुपारभर ठोकाठोक ऐकू येत राहिली. कावाच्या टोळक्यातले चौघे छोटा ट्रक घेऊन आले. बिछाना गेला, कपाट गेलं, टाकी फुगवायचा हवेचा पंप घरघरला. चौघेही गेट उघडून आतबाहेर करत होते, आणि टेलेसिया खिडकीतून बघून खूश होत होती. दोन वाजून गेल्यावर ती सगळ्यांसाठी जेवणाचं ताट घेऊन गॅरेजात गेली आणि दारातच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

टाकी मधोमध झकास उभी होती. तिच्यात वीतभर पाणी होतं आणि त्या पाण्यात केवड्याच्या पानांच्या जुड्याच जुड्या. पाणी चहासारखं तांबूस झालं होतं.

'काकू, आमच्या आईचीपण घातलीत,' सेमिसी बाह्या सावरत म्हणाला. 'टाकी कशाला म्हणून विचारलं तर किटिओने म्हणाला पानांसाठी. म्हटलं, मग रिकामी कशाला ठेवायची? सहा घरची आहेत. सोमवारी आणखी येतील. आईने मंडळात सगळ्यांना फोन केलाय.'

किटिओने छताकडे बघत उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. मित्रांना नको म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं, आणि आई ज्या खड्ड्यात पडली होती त्याच खड्ड्यात लेकही आज पडला होता. पण हे टेलेसियाच्या तेव्हा लक्षात आलं नाही. तिला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, त्यात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि पाच धिप्पाड पुरुषांसमोर खरं कारण सांगणं शक्य नव्हतं. ताट तसंच हातात धरून ती आत्याकडे धावली.

फुसी आत्या गॅरेजात आली. तिने टाकीत बोट बुडवलं आणि ते चाटून पाहिलं.

'गोड्या पाण्यात?' ती म्हणाली. 'केवडा गोड्या पाण्यात? व्हावाऊत असं करणाऱ्या बाईला चटईला हात लावू देत नाहीत. समुद्राच्या पाण्याशिवाय पान पांढरं पडत नाही, एवढंही तुमच्या आयांनी शिकवलं नाही तुम्हाला?'

आत्याने आज कारण दिलं होतं, आणि तेही शंभर टक्के खरं. चौघांनी खाली मान घालून निथळणाऱ्या जुड्या ट्रकमध्ये भरल्या आणि मँगेरीच्या खाडीकडे निघाले. सेमिसी जाता जाता टेलेसियाला सांगून गेला की काळजी करू नका, सोमवारची पानंसुद्धा आम्ही परस्पर खाडीवरच नेऊ.

किटिओने मागे राहिला. त्याने टाकी उपसली, साबणाने घासली, तीनदा धुतली आणि कोरडी पुसून काढली. टेलेसिया फडकी पिळून देत होती, तेव्हा तिला फळीवर एक पाकीट दिसलं. टाकीत आतून घालायचं नवं कोरं प्लास्टिकचं अस्तर होतं ते. पानं टाकायच्या आधी कुणीतरी ते जपून बाजूला काढून ठेवलं होतं. पाकीट फोडलेलंही नव्हतं. तिने लेकाकडे पाहिलं. तो बादली घेऊन बाहेर निघाला होता.

ब्रॉन्विन ठरल्या वेळी आली. तिने फीत लावून जागा मोजली, टाकीभोवती चक्कर मारली, जमिनीवर पाय आपटून बघितला. थंडी वाजेल म्हणाली तर कोपऱ्यात हीटर होता, गॅरेजाच्या मोठ्या पत्र्याच्या दाराला आतून जाड ब्लँकेटं ठोकलेली होती, आणि धुण्याच्या खोलीतल्या नळाची रबरी नळी भोक पाडून आत घेतली होती. यातलं काहीही टेलेसियाने सांगितलेलं नव्हतं.

'वास छान येतोय कसला तरी,' ब्रॉन्विन म्हणाली.

'केवडा,' टेलेसियाने सांगितलं आणि विषय तिथेच थांबवला.

ब्रॉन्विनने कागद काढला आणि लविनियाला आत ये, टाकीत बसून, रेलून बघ असं सांगितलं. लविनिया उंबऱ्यावर उभी होती. बिछाना गेला होता, पण भिंतीवर जिथे चार वर्षं किटिओनेचं डोकं टेकत होतं तिथे तेलकट डाग राहिला होता. लविनियाची नजर त्या डागावर होती.

'मी नाही येत,' ती म्हणाली. 'ही त्याची खोली आहे.'

ब्रॉन्विनचं पेन थांबलं. तिने समजुतीच्या सुरात सांगितलं की आज पाय आत पडत नसेल तर त्या दिवशी कसा पडेल, आणि मन घट्ट करून अंग सैल होत नाही, हे तिने खूप जणींच्या बाबतीत पाहिलं आहे. मग हॉस्पिटलच बरं. जागा होती, नळ होता, जमीन पक्की होती, आणि लेक उंबऱ्यावर रडकुंडीला आली होती.

फुसी आत्या घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर एक वळकटी होती, सोळांपैकी सगळ्यात बारीक विणीची, जी लग्नात नवरीच्या अंगाभोवती गुंडाळायची होती ती. बिछाना होता तिथेच तिने ती चटई उलगडली आणि गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसली. तेलकट डाग तिच्या पाठीआड गेला.

'ही खोली आता कुणाची?' तिने विचारलं.

'तुझी, आत्या,' लविनिया म्हणाली.

'मग आत्याच्या खोलीत यायला तुला आमंत्रण कधीपासून लागतं?'

लविनियाने चौकट धरली आणि एक पाय आत टाकला, मग दुसरा. पोट आधी आलं, ती मागून. आईचा हात धरून ती टाकीत उतरली, कडेला रेलली आणि जरा वेळाने हसायला लागली. ब्रॉन्विनने कागदावर 'घरी' लिहिलं. टेलेसियाने तो शब्द स्वतः वाकून वाचला, तेव्हा तिला खरं वाटलं.

लेकासाठी चहाचा कप घेऊन ती परसात गेली. किटिओने कपड्यांच्या दोरीपाशी, गॅरेजाकडे पाठ करून उभा होता. त्याच्या शेजारी चर्चच्या जेवणावळीची दोन अवाढव्य पातेली होती आणि फोडलेल्या लाकडांचा ढीग. आतून लविनियाचं हसू ऐकू आलं तसं त्याने घाईघाईने एक स्तोत्र मोठ्याने म्हणायला घेतलं. हसू थांबेपर्यंत तो म्हणत राहिला.

'ही पातेली कशाला?' टेलेसियाने विचारलं.

'घरातलं गरम पाणी अर्ध्यातच संपेल,' तो म्हणाला. 'मी इथे चूल पेटवीन. दारापर्यंत पाणी आणून ठेवीन आणि दार वाजवीन. आत येणार नाही.'

'पानांना गार पाणी लागतं रे.'

'या पानांना सदतीस अंश लागतं.' तो तिने दिलेल्या कपात बघत होता. 'खोक्यावर लिहिलंय.'

टेलेसियाला छातीशी धरलेलं ते खोकं आठवलं. आपण ज्याच्यापासून आठ दिवस लपवत होतो, तोच आठ दिवस आपलं खोटं सांभाळत होता, हे तिला आत्ता कळलं. तिला हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली. ती काही बोलणार तेवढ्यात त्यानेच पुढे सांगितलं.

'सेमिसीकडून तुझी रजा मंजूर करून घेतलीय. सोमवारपासून, सहा आठवडे.'

'काय सांगितलंस त्याला?'

'आईचं पानांचं काम निघालंय म्हटलं.'

'पानांना सहा आठवडे? आणि त्याला पटलं?'

'नाजूक पानं आहेत म्हटलं.' किटिओनेने चहा संपवला, कप तिच्या हातात दिला आणि कुऱ्हाड उचलली. 'मागच्या वेळी तू कामावर होतीस, आई,' तो लाकडाकडे बघत म्हणाला. 'पानं फार रडली होती. या वेळी तू घरी राहा.'

मग तो लाकडं फोडत राहिला, आणि टेलेसिया रिकामा कप धरून त्याच्याजवळ बराच वेळ उभी होती.